ताडपत्रीखालची हयगय

कल्चरच्या पाकिटाला दोष देणं आधी बंद कर. परवा फोनवर तू तेच तेच सांगत होतास. जिवाणूंची पावडर जुनी निघाली, दुकानदारानं फसवलं, म्हणून खड्ड्यात मुरवलेला मका, तुझा मुरघास, बिघडला, गाई गव्हाणीतून तोंड फिरवतात आणि डेअरीत फॅट उतरली. तेव्हा मी गप्प राहिले, कारण खड्डा पाहिल्याशिवाय बोलायची मला सवय नाही. आता पाहून आले आहे. त्यामुळे आता मी बोलणार आणि तू ऐकणार. मध्ये एकही सबब सांगायची नाही.

काय दिसलं ते आधी सांगते. तळाचा दोन फुटांचा थर गडद आणि चिकट, त्याला खवट तुपाचा वास. त्याच्यावर बोटभर जाडीची काळी रेघ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सरळ. रेघेच्या वर तपकिरी, भुसभुशीत चारा. त्यात हात कोपरापर्यंत घातला तर आत चांगलाच ऊबदार, आणि वास करपलेल्या गुळाचा. दोन्ही भिंतींना लागून वीतभर काळा, कुजका पट्टा. सगळ्यात वर, ताडपत्रीच्या खाली, पांढरी आणि मधूनमधून हिरवट बुरशी. चांगल्या मुरघासाचा रंग कसा असतो, तर पिवळसर हिरवा. वास आंबूस पण हवाहवासा. आणि हाताला तो गार लागतो. तुझ्या खड्ड्यात असा चारा मला मधल्या भागात एवढासा मिळाला. हे कुठल्याही पावडरीनं केलेलं नाही. यातला प्रत्येक थर तुझ्या हातचा आहे.

तळापासून सुरू करते. ओढ्याकाठच्या वावरातला मका तू साठ दिवस उलटताच कापलास. का? तर यंत्र गावात आलं होतं, आणि यंत्रवाला म्हणाला की आज नाही तर मग तीन आठवड्यांनी. म्हणजे कापणीची तारीख पिकानं ठरवली नाही, तूही ठरवली नाहीस, यंत्रवाल्यानं ठरवली. दाण्यात तेव्हा नुसतं पाणी होतं. खड्डा भरल्यावर रस वाहत पार अंगणापर्यंत आला, हे तूच मला सांगितलंस, आणि कौतुकानं सांगितलंस, की चारा किती रसरशीत आहे. अरे, ती तुझ्या मक्यातली साखर वाहून चालली होती! त्याच साखरेवर लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू जगतात, आणि ते आम्लच चारा टिकवतं. त्यात पाणी जास्त असलं की आम्ल पातळ होतं. सामू, म्हणजे पीएच, चारपर्यंत उतरायला हवा, तो वरच अडकतो आणि मातीतून आलेले क्लॉस्ट्रिडियम जातीचे जिवाणू माजतात. ते झालेलं लॅक्टिक आम्ल खाऊन त्याचं ब्युटिरिक आम्ल करतात आणि प्रथिनं मोडून अमोनिया. खवट तुपाचा वास येतो तो त्या ब्युटिरिक आम्लाचा. शिवाय ताटं तू अगदी जमिनीलगत कापलीस, म्हणजे मातीही बरोबर आणलीस. बुंधा वीतभर सोडून कापायचा, हे मी पदविकेच्या वर्गात शिकवताना सांगितलेलं आहे. त्या वीतभर बुंध्यात पोषण सगळ्यात कमी असतं, आणि पाण्याचा ताण बसलेल्या मक्यात नायट्रेट सगळ्यात जास्त तिथेच साठतं. ते खड्ड्यात आणण्याची हौस कशाला?

आता वरचा थर. माळाच्या वावरातला मका तोवर पुढे निघून गेला होता. यंत्र मध्येच बिघडलं, पाच दिवस खड्डा अर्धवट भरलेला आणि उघडा पडून राहिला. ती काळी रेघ त्या पाच दिवसांची आहे. मग त्या सडलेल्या पृष्ठभागावरच तू कोरडा पडलेला मका भरलास. पानं वाळलेली, दाणा टणक. असली कुट्टी कितीही तुडवली तरी नीट दबत नाही, आत हवा राहते, आणि जिथे हवा तिथे उष्णता. करपलेल्या गुळाचा वास गाईला आवडतोही, म्हणून काही जण तो चांगला समजतात. पण त्या उष्णतेत प्रथिनं बांधली जातात आणि गाईच्या अंगी लागत नाहीत. त्यात भर म्हणजे यंत्राची पाती बोथट. कुट्टी कुठे बोटभर, कुठे चार बोटं. दाणे अख्खेच्या अख्खे. तुझ्या गोठ्यातलं शेण मी चाळणीत घेऊन नळाखाली धुतलं. मूठभर मक्याचे दाणे निघाले, जसे गिळले तसे. तू खत घालून, पाणी पाजून, लष्करी अळीशी झगडून पिकवलेला स्टार्च उकिरड्यावर जातो आहे.

कणीस कसं बघायचं हे मी तुम्हाला शेतात उभं करून शिकवलं होतं. पुन्हा सांगते, कारण विसरलेला दिसतोस. वावराच्या कडेचं कणीस घ्यायचं नाही, आत दहा-बारा ओळी शिरून वेगवेगळ्या ठिकाणची पाच-सहा कणसं काढायची. कणीस मधोमध मोडायचं आणि शेंड्याकडचा तुकडा हातात धरायचा. बुडाकडच्या तुकड्यावर दाण्याची अंकुराची बाजू दिसते, तिथे काही कळत नाही. शेंड्याकडच्या तुकड्यावर दाण्याची उलटी बाजू समोर येते आणि तिच्यावर एक रेघ स्पष्ट दिसते. रेघेच्या वर गर्द पिवळा, घट्ट भाग, खाली पांढरा, चिकाचा. ही रेघ वरून खाली सरकत जाते. नख रुतवून बघितलं की कळतंच, वर नख अडतं आणि खाली चीक उडतो. रेघ दाण्याच्या मध्यावर आली की तयारीला लागायचं आणि दोन तृतीयांशाच्या पुढे जाऊ द्यायची नाही. दिवस मोजून हे जमत नाही. वाण बदललं, हंगाम बदलला, थंडी पडली की दिवस बदलतात.

कणसानं अंदाज दिला तरी ताटातलं पाणी वेगळं तपासावं लागतं. दोन-चार ताटं कापून त्यांची कुट्टी कर आणि मूठभर कुट्टी अर्धा मिनिट घट्ट दाबून हात हळूच उघड. बोटांतून पाणी गळलं तर मका कोवळा आहे. गोळा जसाच्या तसा राहिला आणि तळहात ओला झाला तर अजून काही दिवस थांब. गोळा सावकाश उलगडला आणि हात नुसता दमट लागला तर तीच वेळ. मूठ उघडताक्षणी सगळं विस्कटलं तर उशीर झाला. यापेक्षा पक्कं उत्तर हवं असेल तर शंभर ग्रॅम कुट्टी वजन करून घे, मंद आचेवर कढईत न करपवता हलवत राहा, आणि वजन उतरायचं थांबलं की पुन्हा काट्यावर ठेव. 30 ते 35 ग्रॅम उरली पाहिजे. एवढंसं काम आहे. वर्षभराच्या चाऱ्यासाठी तेवढा वेळ तुला काढता आला नाही, हे मला पटत नाही.

वाणाबद्दल एक बोलते. आफ्रिकन टॉल तू दाट पेरलास, हिरव्या चाऱ्यासाठी पेरतात तसा. ताटं डोक्याच्या वर गेली, पण कणसं नावाला. मुरघासातल्या ऊर्जेचा मोठा वाटा दाण्यातून येतो. ट्रॉल्या किती भरल्या यावर समाधान मानू नकोस, प्रत्येक ताटाला भरलेलं कणीस आहे का ते बघ.

आता खड्डा भरण्याकडे येते. इथे तू केलेली चूक मला सगळ्यात जास्त लागली, कारण हे गणित वर्गात फळ्यावर तूच सोडवलं होतंस. तासाला जितके टन कुट्टी खड्ड्यात पडते त्याला 400 किलोनं गुणायचं, तेवढं वजन ती दाबायला सतत वर फिरत असलं पाहिजे. तुझं यंत्र तासाला दहा टन टाकत होतं. म्हणजे चार टन वजन हवं. तुझा ट्रॅक्टर दोन टनांचा. सरळ अर्थ असा, की एक तर दुसरा ट्रॅक्टर आणायचा, नाहीतर यंत्राचा वेग निम्म्यावर आणायचा. तू दोन्ही केलं नाहीस. यंत्रवाल्याचं भाडं तासावर, त्यामुळे तुला घाई, आणि त्यालाही पुढच्या कामाची घाई. त्या घाईत ट्रॉली पलटी करून दीड-दीड फुटांचा ढीग खड्ड्यात पडला आणि ट्रॅक्टर त्याच्यावरून दोनदा फिरला. अर्ध्या फुटापेक्षा जाड थर टाकायचा नाही. थर पसरायचा, दाबायचा, मग दुसरा. चांगल्या दाबलेल्या खड्ड्यात एका घनफुटात 16-17 किलो कुट्टी बसते आणि बोट खुपसलं तर शिरत नाही. तुझ्या खड्ड्यात माझा हात कोपरापर्यंत गेला.

भिंतींच्या कडा तर तू सोडूनच दिल्यास. ट्रॅक्टरचं चाक भिंतीला घासेल म्हणून भीती वाटते, हे मला ठाऊक आहे. मग तिथे माणसं उभी करायची आणि पायांनी, धुमसानं दाबायचं. नाहीतर भरताना कडा मध्यापेक्षा थोड्या उंच ठेवायच्या, म्हणजे चाकाचा दाब भिंतीकडे जातो. आणि विटांच्या भिंतीला आतून प्लास्टिक लावायचं, ते वरून दोन हात बाहेर सोडायचं आणि शेवटी चाऱ्यावर दुमडून घ्यायचं. प्लास्टिक नसलं की गिलावा न केलेल्या विटांतून हवा आणि पावसाचं पाणी दोन्ही आत येतं. तुझा वीतभर काळा पट्टा त्याचाच आहे.

आणि ती ताडपत्री! कांद्याच्या चाळीवर तीन हंगाम उन्हात पडलेली, शिवणीवर फाटलेली ताडपत्री तू वर्षभराच्या चाऱ्यावर घातलीस. वर चार दगड. वारा आला की ती फडफडणार, आणि प्रत्येक फडफडीबरोबर बाहेरची हवा आत ओढली जाणार. मुरघासासाठीचं जाड प्लास्टिक दीडशे-दोनशे मायक्रॉनचं, वरून पांढरं आणि आतून काळं मिळतं. त्याच्यावर जुने टायर एकमेकांना चिकटून ठेवायचे, कडेनं वाळूच्या गोण्या. उंदरांनी पाडलेलं भोक दिसलं की त्याच दिवशी चिकटवायचं. प्लास्टिकचे पैसे वाचवलेस आणि वरचा हातभर चारा घालवलास. तो चारा किती टन होता याचा हिशेब तूच कर, मला सांगायला ये.

कल्चर, गूळ, मीठ, युरिया हे सगळं तू खड्ड्यात घातलंस. कोणी सांगितलं म्हणून घातलंस, का घालायचं ते विचारलं नाहीस. मक्यात साखर मुळात पुरेशी असते, त्याला गूळ लागत नाही. गूळ किंवा मळी लागते ती लसूणघासासारख्या कमी साखरेच्या आणि जास्त प्रथिनांच्या चाऱ्याला. युरियानं प्रथिनाचा आकडा वाढतो, पण तो सामूला खाली येऊ देत नाही. कोवळ्या, पाणचट मक्यात तो घालणं म्हणजे रोग्याला उलटं औषध देणं. कल्चर चांगलं असतं, मी त्याच्या विरुद्ध नाही. पण हवा बंद केलेल्या खड्ड्यातच त्याचा उपयोग होतो, हवा बंद करण्याचं काम ते करत नाही. फिनलंडच्या आर्टुरी व्हिर्टानेन यांना 1945 साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात चारा टिकवण्याच्या पद्धतीचा खास उल्लेख आहे. ओला चारा सामू चारच्या खाली नेला की सडत नाही, म्हणून ते बाहेरून आम्ल घालत. तुझा मका ते आम्ल स्वतः तयार करतो, फुकट. तू फक्त वेळेवर कापायचं, दाबायचं आणि झाकायचं. एवढी तीन कामं टाळून तू पाकिटं विकत आणलीस.

आता जे सांगते ते तुझ्या एकट्याचं नाही, गावागावांत हेच चाललं आहे, म्हणून कान देऊन ऐक. तुझा खड्डा तुझ्या गोठ्याला फार मोठा आहे. दुभत्या गाई सहा, गाईला रोज 20 किलो, म्हणजे दिवसाला 120 किलो मुरघास. खड्ड्याचं तोंड 12 फूट रुंद आणि 6 फूट उंच, म्हणजे 72 चौरस फूट. चांगला दाबलेला असता तरी 120 किलो म्हणजे जेमतेम सात घनफूट. सात भागिले 72. रोज सव्वा इंच. एवढाच तू पुढे सरकतोस. आणि उघड्या तोंडातून हवा फूट-दीड फूट आत शिरते. म्हणजे आज जो चारा तू काढतोस, तो आठवड्याहून जास्त काळ हवा खात होता. यीस्ट जागं होतं, लॅक्टिक आम्ल खातं, चारा तापतो, सामू चढतो आणि मग बुरशीला रान मोकळं. रोज किमान अर्धा फूट निघाला पाहिजे, उन्हाळ्यात त्याहून जास्त. त्या हिशेबानं सहा गाईंना 14 चौरस फुटांचं तोंड पुरतं. साडेतीन फूट बाय चार फूट. त्यात ट्रॅक्टर जात नाही. म्हणजे सहा गाईंचा गोठा हा खड्ड्याचा गोठाच नाही. एक टनाच्या बॅगा भर. 120 किलोनं बॅग आठ दिवसांत संपते आणि रोज वरून अर्ध्या फुटाहून जास्त थर निघतो. तुझ्या गावातल्या त्या मोठ्या गोठ्याचा बंकर पाहून तू खड्डा बांधलास. त्याच्याकडे गाई किती, हे मोजलं नाहीस.

किंवा दुसरा मार्ग आहे, तो तुला आवडणार नाही. बांधापलीकडे तुझ्या चुलतभावाच्या आठ गाई आहेत. तुझ्या सहा धरून चौदा. चौदा गाईंना रोज 280 किलो. आठ फूट रुंद आणि चार फूट उंच तोंडाचा खड्डा घेतला तर रोज बरोबर अर्धा फूट निघतो. दोघांचे दोन ट्रॅक्टर, दोन घरांची माणसं, एक प्लास्टिक. बांधाचं भांडण तुमचं आजोबांच्या वेळचं आहे, ते मला मिटवता येणार नाही. पण चाऱ्यापुरतं एकत्र यायला काय हरकत आहे, ते मला तुम्ही दोघांनी समोर बसून सांगायचं.

तोंडावरून चारा काढतानाही तुझी पद्धत चुकीची. फावड्यानं मध्येच कोरून गुहा केली आहेस, वरचा भाग लोंबतो आहे. एक तर तो कधी अंगावर येईल सांगता येत नाही, आणि कोरलं की चारा सैल होऊन हवा आणखी आत जाते. वरून खाली सरळ कापत यायचं, तोंड भिंतीसारखं उभं ठेवायचं, आणि लागेल तेवढंच काढायचं. सकाळी काढलेला ढीग संध्याकाळपर्यंत गव्हाणीशेजारी तापत ठेवायचा नाही.

यापुढचं बोलताना मला राग आवरत नाही. तुझी आई रोज पहाटे खड्ड्यात उतरते आणि बुरशी लागलेला चारा हातानं वेगळा करते. हातमोजा नाही, तोंडाला फडकं नाही, बुरशीची धूळ नाकातोंडात. तिला दमा आहे हे तू मला स्वतः सांगितलं आहेस. बरं, वेगळा केलेला चारा फेकला जातो का? नाही. चांगला चारा दुभत्या गाईला आणि बुरशीचा कालवडींना, भाकड गाईला आणि आईच्या त्या दोन शेळ्यांना. ती भाकड गाय गाभण आहे, हे विसरलास? सामू नीट न उतरलेल्या मुरघासात लिस्टेरिया नावाचा जिवाणू वाढतो. शेळीच्या तो मेंदूपर्यंत जातो. मान एका बाजूला वळते, एक कान लोंबतो, जनावर एकाच दिशेनं गोल फिरत राहतं आणि बहुतेक वेळा हाती लागत नाही. गाभण जनावर गाभडतं. बोलता येत नाही म्हणून कुजकं त्यांच्यापुढे टाकायचं, हे तुला कोणी शिकवलं? मी नाही शिकवलं.

आणि दूध? बुरशीचा दिसणारा भाग बाजूला काढला म्हणजे विष गेलं असं होत नाही. बुरशीचं ते विष, अफ्लाटॉक्सिन, डोळ्यांना दिसत नाही. गाईनं ते चाऱ्यातून किंवा पेंडीतून खाल्लं की दिवसभरात त्याचं एम-1 हे रूप दुधात उतरतं, आणि दूध उकळल्यानं ते जात नाही. आपल्याकडे त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं 2018 साली देशभरातून दुधाचे 6,432 नमुने तपासले, त्यातल्या 368 नमुन्यांत हे मर्यादेपेक्षा जास्त निघालं. चारा आणि पशुखाद्याकडेच त्या अहवालानं बोट दाखवलं. तुझं दूध ज्या घरात जातं तिथे लहान मूल आहे, हे धरून चाल. तुझ्या स्वतःच्या घरात तर आहेच.

मुरघास म्हणजे सगळं काही नव्हे, हेही तू विसरलास. शुष्क पदार्थाच्या हिशेबानं मक्याच्या मुरघासात प्रथिनं सात-आठ टक्के, कॅल्शियम कमी. तू 20 किलो मुरघास सुरू केलास आणि त्याच दिवशी कडबा, लसूणघास दोन्ही बंद. बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू करायचा असतो. लसूणघास, थोडा कोरडा चारा, पेंड आणि खनिज मिश्रण चालू ठेवायचं असतं. फॅट उतरली त्यात याचाही हात आहे. मुरघास धारेच्या आधी गोठ्यात आणू नको, दूध वास धरतं. धार झाल्यावर घाल. लहान वासरांच्या वाटेला तर तो जाऊच देऊ नको.

एक गोष्ट जिवाची आहे. नवा खड्डा भरल्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे त्यातून नायट्रोजन डायऑक्साइड निघू शकतो. पिवळसर तपकिरी, ब्लीचिंग पावडरीसारख्या वासाचा, हवेपेक्षा जड, खोलगट जागी साठणारा. दुष्काळात ताण बसलेल्या मक्याचा धोका जास्त. त्या काळात कोणी ताडपत्री उचलून डोकवायचं नाही, पोरांनी आसपास खेळायचं नाही. जमिनीखालच्या खड्ड्यात एकट्यानं कधीच उतरायचं नाही. हे मी वर्गात सांगितलं तेव्हा तू मागच्या बाकावर हसत होतास, मला आठवतं.

तुला मी एवढं का बोलते आहे ते समजून घे. 2019 च्या उन्हाळ्यात नगर जिल्ह्यात चारा छावण्या लागल्या होत्या, तेव्हा तू पदविकेच्या वर्गात होतास. तुझे वडील दावणीची जनावरं घेऊन छावणीत राहिले, रात्री जनावरांपाशी झोपले, आणि तू शनिवार-रविवार डबा घेऊन जायचास. परत आलास की मला विचारायचास, मॅडम, चारा वर्षभर टिकवायचा कसा? त्या प्रश्नाचं उत्तर तुला पूर्ण दिलं होतं. वहीत तुझ्याच अक्षरात आहे. बोअरचं पाणी पाजून तू मका उभा केलास, ताटं खरोखर जोमदार आली होती, मी पाहिलं होतं. पाणी, खत, रात्रपाळीची वीज, तीन महिन्यांचे कष्ट, सगळं करून शेवटच्या काही दिवसांत हात आखडता घेतलास. उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाला मी एवढं बोलले नसते.

आता काय करायचं ते सांगते, आणि हे उद्यापासून करायचं. वरची बुरशी, भिंतीलगतचा काळा पट्टा आणि ती मधली रेघ घमेल्यानं काढून थेट खतात. कुठल्याही जनावराच्या गव्हाणीत नाही. तळाचा खवट थर दुभत्या गाईला नाही आणि गाभण जनावराला तर मुळीच नाही. औषधाच्या दुकानातून सामू बघायच्या पट्ट्या आण. चांगल्या दिसणाऱ्या चाऱ्याचा मूठभर घेऊन थोड्या स्वच्छ पाण्यात दाबून पट्टी बुडव. 3.8 ते 4.2 आला तर तो चारा घाल, पाचाच्या वर गेला तर घालू नको. आईला त्या खड्ड्यात उतरवायचं नाही, हे काम तुझं आहे, आणि तोंडाला मास्क लावून करायचं. शेळ्यांना मात्र मुरघास आजच बंद. कोणतीही शेळी मान वाकडी करताना दिसली तर घरगुती उपाय करत न बसता त्याच तासाला पशुवैद्यकाला बोलाव.

पावसाळ्यात पुन्हा मका घेणार असशील तर कणसाचं वाण घे, पाणी नीट पोहोचतं त्याच वावरात घे, आणि लष्करी अळीवर फवारलंस तर डब्यावर लिहिलेला थांबायचा काळ पाळल्याशिवाय कापणी नाही. बॅगा भरायच्या की भावाबरोबर खड्डा, ते पेरणीआधी ठरव, कापणीच्या दिवशी नाही. प्लास्टिक आधी घरात येऊ दे, दुसरा ट्रॅक्टर आधी ठरू दे, यंत्राच्या पात्यांना धार लावल्याचं स्वतः बघ. आणि शेंड्याकडचा कणसाचा तुकडा घेऊन माझ्याकडे यायचं. रेघ मी बघितल्याशिवाय यंत्रवाल्याला तारीख द्यायची नाही.